मागे वळायची रीत

ग्लोरियाच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, त्याला या मे महिन्यात नऊ वर्षं झाली. राहून गेलं, असं निकोलस सर स्वतःशी म्हणत. खरं तर त्यांनी ते दिलं नव्हतं. पत्र हरवलं म्हणावं तर तेही नाही. जाड शब्दकोशाच्या शेवटच्या पानांत ते घडी घालून ठेवलेलं होतं. शाळेच्या ग्रंथालयात तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला कुठला कागद कुठे आहे हे विसरायची सोय नसते.

ग्लोरिया म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची, इनासची, एकुलती मुलगी. लग्न होऊन ती देवळालीला गेली, आणि बायको वारल्यावर इनासही तिच्याकडेच राहायला गेला. तिथून तिने लिहिलं होतं:

‘काका, तुम्ही फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहिते. एक गंमत विचारायची आहे. आम्ही घरात संध्याकाळी माळ म्हणतो. चौथं रहस्य सुरू व्हायच्या आधी पापा चष्मा काढतात, छातीशी धरतात आणि मागे वळून बघतात. मागे आमचा फ्रीज आहे. आता मीही वळते, आमच्या ह्यांनाही सवय लागली. आपल्या गावी, वटारला, क्रुसाजवळ सगळे वळायचे ते मला आठवतं, पण का वळायचं ते कुणी सांगितलं नाही. पापांना विचारलं तर म्हणाले, काकाला विचार, ती त्याची खोड आहे. तर सांगा ना, का वळायचं? आणि चष्मा कशाला काढायचा?’

‘खोड’ या शब्दापाशी सर तेव्हा अडले होते. इनास लहानपणापासून नकला करण्यात पटाईत. फादरांची नक्कल, शाळेतल्या बाईंची नक्कल, आणि पुस्तकात डोकं घालून चालणाऱ्या, मग केळीच्या खांबावर आपटणाऱ्या धाकट्या भावाची तर हमखास. अख्खी वाडी पोट धरून हसायची. एवढी वर्षं अबोला धरून, म्हातारपणी लेकीच्या घरात बसून हा माणूस अजून माझी नक्कल करतो, जावयालाही शिकवतो, असं सरांना वाटलं. कान तापले. उत्तर काय द्यायचं? खरं कारण लिहायचं तर लाज वाटत होती, आणि खोटं लिहायचं तर त्यांना ते नीट जमत नसे. पत्र शब्दकोशात गेलं.

खरं कारण असं होतं.

वाडीतल्या क्रुसाजवळ मे महिनाभर संध्याकाळी माळेची प्रार्थना होते. पाच रहस्यं, म्हणजे येशूच्या आयुष्यातले पाच प्रसंग, आणि दर रहस्याला दहा वेळा नमो मारिया. एकाने पुस्तक घेऊन पुढे उभं राहायचं आणि अर्धी प्रार्थना म्हणायची, बाकीच्यांनी मागून ती पुरी करायची. १९८९ सालापर्यंत पुढे उभा राहायचा तो इनास. आवाज खणखणीत, बोलणं रांगडं, आणि दिवसाचा हिशोब कच्चा. सोमवारी कुठली रहस्यं, मंगळवारी कुठली, हे ठरलेलं असतं. त्या मे महिन्यातल्या एका मंगळवारी दुःखाची रहस्यं म्हणायची होती आणि इनासने आनंदाची सुरू केली.

सर पहिल्या रांगेत होते. पहिलं रहस्य चुकलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली. दुसऱ्याला तळहाताला घाम आला. तिसरं संपेपर्यंत त्यांना दुसरं काही ऐकू येईना. चारचौघांत सहसा तोंड न उघडणारा हा माणूस. पण छापलेलं एक आणि कानावर पडणारं दुसरं, हे त्याला सहन होत नसे. इनास म्हणाला, “चौथं रहस्य. बाळ येशूला मंदिरात अर्पण करतात.” आणि सरांच्या तोंडून निघून गेलं, “दादा, आज मंगळवार आहे. दुःखाची रहस्यं.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

इनासने वळून भावाकडे पाहिलं. चिडला नाही. पुस्तक सरांच्या हातात ठेवून म्हणाला, “घे. तुला बरोबर येतं ना? मग तूच म्हण.” आणि माणसांतून वाट काढत रस्त्यावर गेला, सायकलचा स्टँड पायाने वर केला आणि निघाला.

लग्नानंतर चौदा वर्षांनी त्याला मुलगी झाली होती, तीन दिवसांपूर्वी. माय-लेकी अजून दवाखान्यात होत्या. त्याच्या तोंडी आनंदाची रहस्यं का आली, हे सरांच्या लक्षात आलं ते घरी जाऊन थंड पडलेलं जेवण पुढे ओढल्यावर. पण तेव्हा उठून भावाच्या दारात जायला पाय धजले नाहीत. म्हटलं, उद्या तो येईलच. आला की पुस्तक त्याच्या हातात देऊ, म्हणजे बोलावं लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी पुस्तक कुणी घेईना, म्हणून सरच पुढे उभे राहिले. तिसरं रहस्य संपलं आणि रस्त्यावर सायकलचा स्टँड लागल्याचा आवाज आला. वाचायच्या चष्म्यातून लांबचं दिसत नाही, म्हणून सरांनी तो काढला, छातीशी धरला आणि मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. पाववाला होता. सर काय बघतात म्हणून मागचे सगळेही वळले. तिसऱ्या दिवशी त्याच जागी सर पुन्हा वळले, लोकही वळले. आठवडाभरात लोकांच्या माना सरांच्या बरोबरीने वळू लागल्या. पुढच्या मे महिन्यात, आईचा हात धरून आलेली पोरंसुद्धा तिसऱ्या रहस्यानंतर शिस्तीत रस्त्याकडे तोंड करून उभी राहायची. सर दरवर्षी, महिनाभर, रोज एकदा वळत राहिले. इनास आला नाही.

तो दूर होता असंही नाही. क्रुसाच्या लगेच मागे त्याचीच केळीची बाग. प्रार्थनेच्या वेळेलाच त्याला बागेत पाणी सोडायचं असे. पंपाचा फटफटाट ऐकून सर दात-ओठ खात. चोवीस वर्षं असं चाललं, मग बाग विकून तो गेला.

*

या वर्षी क्रुसाला शंभर वर्षं पुरी होत होती. वाडीने स्मरणिका काढायचं ठरवलं आणि एरॉल सरांच्या ओट्यावर येऊन बसला. एरॉल सातिवलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर, वाडीच्या मंडळाचा सेक्रेटरी. शाळेत असताना ग्रंथालयात पंख्याखाली झोपायला यायचा.

“सर, तुमचा लेख मस्ट आहे. दोनशे शब्द. विषय, आपल्या वाडीची मागे वळायची परंपरा.”

“परंपरा कसली?” सरांनी विचारलं.

“काय सर! आख्ख्या वसईत कुठेच नाही हे. आपण पश्चिमेकडे वळतो ना, समुद्राकडे. आपले जुने लोक समुद्रावर गेलेल्यांसाठी वळायचे. पोर्तुगीज काळापासून चालत आलंय.”

“अरे, आपला क्रूसच शंभर वर्षांचा आहे.”

“तेच तर! म्हणजे परंपरा त्याच्या आधीची असणार.”

“आणि आपण वळतो ते पूर्वेकडे. रस्ता पूर्वेला आहे.”

एरॉलने मोबाइल काढला, त्यातलं होकायंत्र चालू केलं, जरा वेळ हात फिरवून पाहिला. “मग जेरुसलेमकडे,” तो म्हणाला. “ते तर अजून भारी.”

जेरुसलेम पश्चिमेला येतं, हे सर बोलले नाहीत. बोलून उपयोग नव्हता. त्यांनी लेख लिहायला घेतला. पहिल्या खेपेला तीन पानं झाली आणि दोन तळटीपा. फाडला. दुसऱ्या खेपेला ‘प्रस्तुत लेखकाच्या हातून’ असं लिहिलं आणि त्यांचीच त्यांना शिसारी आली. तिसऱ्यांदा सरळ लिहिलं, की हे वळणं म्हणजे रीत नव्हे, माझी चूक आहे, १९८९ साली सुरू झालेली. एरॉलने ओट्यावर उभ्या उभ्या वाचलं आणि हसून कागद परत दिला.

“सर, तुम्ही फार विनम्र आहात. पण हे छापलं तर माझे पप्पा मला घरात घेणार नाहीत. ते म्हणतात, त्यांच्या आजोबांना वळताना पाहिलंय त्यांनी.”

एरॉलचे पणजोबा १९७० च्या आसपासच गेले होते. सर मयताला हजर होते.

मग सरांनी ठरवलं, बोलून-लिहून होत नाही तर करून दाखवू. लोक बघून शिकले, तर बघून विसरतीलही. त्या संध्याकाळी तिसरं रहस्य संपलं. सर हलले नाहीत. क्रुसाकडे नजर लावून ताठ उभे राहिले, मान अवघडली. मागे साठ-सत्तर माणसांच्या चपला एकदम खरखरल्या. सगळे वळले होते. रस्त्याकडे तोंड करून थांबले, आणि ठरल्या वेळाने पुन्हा क्रुसाकडे फिरले.

“सर विसरले वाटतं,” कुणीतरी कुजबुजलं.

“वय झालं.”

प्रार्थना संपल्यावर रिटा काठी टेकत पुढे आली. रिटा सरांपेक्षा दोन वर्षांनी मोठी, शेजारच्याच घरातली, आणि सरांना अरे-तुरे करणारं वाडीतलं शेवटचं माणूस. “निकोलस, बरं नाही का तुला? वळला नाहीस.”

“मुद्दामच वळलो नाही. त्या वळण्याला काही अर्थ नाही, रिटा. ते माझ्यापासून सुरू झालं.”

“तुझ्यापासून?” रिटाने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं, ताप बघावा तशी. “तू एवढा मोठा कधी झालास? उद्या नीट वळ. पोरं बघत असतात.”

दुसऱ्या दिवशी सर वळले. आपल्याच हाताने लावलेलं झाड आपल्यालाच हलवता येऊ नये, तसं त्यांना झालं. चूक दुरुस्त करायच्या हौसेपायी एक भाऊ दुरावला, आणि आता स्वतःची चूक दुरुस्त करायला निघालं तर ती ऐकणारं कुणी नाही. रात्रभर मनात तेच. आपणच खोटे तर नसू? १९८९ च्या आधीही लोक वळत असतील, आणि आपल्याला आठवत नसेल? शहात्तराव्या वर्षी आठवणीचा काय भरवसा?

*

फुलं पांडुरंग आणायचा. निर्मळचा बागायतदार, मे महिन्यात एक दिवसाआड स्कूटरवरून क्रुसासाठी फुलं घेऊन यायचा आणि सरांच्या ओट्यावर चहा पिऊन जायचा. त्या सकाळी त्याने केळीच्या वाळल्या सालीने बांधलेली मोगऱ्याची पुडी ठेवली आणि लगेच उचलून पुन्हा पाहिली.

“ही माझी गाठ नाय,” तो म्हणाला. “भाविकाने बांधली.” भाविका त्याची सून.

“गाठीवरून कळतं?”

“न कळायला काय! आमच्यात केळीचं सोपट दोनदा गुंडाळून आत खोचतात. ही बघा, तिसरा वेढा उलटा घेतलाय. हा उलटा वेढा फक्त माझ्या बायकोचा. नर्मदा डावखुरी, म्हणून तिचा उलटा पडतो. भाविका उजवी आहे, तरी उलटाच घेते.”

“का?”

“नर्मदाच्या समोर बसून शिकली ना. जसं दिसलं तसं उचललं. आमची धाकटी तिच्या मागून, खांद्यावरून बघत शिकली, तिला हा वेढा येतच नाय. हाताच्या आड झाकला जातो.” पांडुरंगने चहा फुंकला. “गाठ बघून मी सांगतो, कोण कुणाच्या पुढ्यात बसलं होतं. बघितल्याशिवाय गाठ येत नाय, सर. सांगून तर नायच येत.”

पांडुरंगने चहा संपवला, कप धुऊन उपडा घातला आणि तो गेला.

त्यानंतर सर उठले आणि शब्दकोश काढला. नऊ वर्षांत पत्र एकदाच वाचलं होतं, आणि ‘खोड’ या शब्दाच्या पुढेमागे काय आहे ते धड पाहिलंच नव्हतं. ‘पापा चष्मा काढतात, छातीशी धरतात आणि मागे वळून बघतात.’

चष्मा.

वाडी वळत होती, पण चष्मा कुणी काढत नव्हतं. रिटाला चष्मा आहे. एरॉलच्या वडलांना आहे. कुणी कधी काढला नाही. इनास काढत होता. आणि वळायची ही रीत सुरू झाली ती इनासने क्रुसाकडे पाठ फिरवल्यावर, दुसऱ्या दिवशी. मग तो हे शिकला कुठून?

कुणीतरी सांगितलं असेल, सरांच्या मनाने लगेच शंका काढली. चुगलीखोर काय कमी आहेत? शंका खरी असेल तर पत्र पुन्हा शब्दकोशात जाईल, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून संध्याकाळी प्रार्थनेच्या आधी त्यांनी, आयुष्यात दुसऱ्यांदा, त्या जागी स्वतःहून तोंड उघडलं.

“रिटा, मी तिसऱ्या रहस्यानंतर काय करतो?”

“आता हे काय नवीन? वळतोस.”

“वळायच्या आधी?”

“आधी काय? पाठमोरा उभा असतोस. तुझ्या पाठीतून मला काय दिसणार?”

“आणि वळल्यावर माझ्या हातात काय असतं?”

“मी काय बघते तुझ्या हातात? मीही वळलेली असते की.”

सरांनी एरॉलला विचारलं, त्याच्या वडलांना विचारलं, पहिल्या रांगेतल्या जीनाला विचारलं. जीना छत्तीस वर्षं त्यांच्या बरोबर मागे उभी राहत होती. कुणालाच काही ठाऊक नव्हतं. एरॉल म्हणाला, “सर, क्विझ आहे का?” त्याच्या वडलांनी त्याला कोपराने ढोसलं आणि डोक्याकडे बोट नेऊन हळूच खूण केली.

सर क्रुसासमोर जाऊन उभे राहिले, रोजच्या जागी. पुस्तक धरलं, चष्मा घातला. समोर क्रूस स्पष्ट, आणि क्रुसाच्या पलीकडे सगळं धुरकट. आता तिथे लग्नाच्या हॉलची गुलाबी भिंत आहे. तेव्हा केळी होत्या. त्यांनी चष्मा काढला, छातीशी धरला. हे दिसेल अशी एकच जागा होती, ती म्हणजे समोर, त्या केळीत.

आणि पंप. प्रार्थनेच्या वेळेला तो मुद्दाम लावलेला असे, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं. पण पहिल्या नमो मारियाला तो बंद होत असे. चोवीस वर्षं बंद होत असे, आणि त्यांना वाटे पाणी देऊन झालं.

मी चष्मा काढायचो, सरांनी मनात म्हटलं, लांबचं दिसावं म्हणून. आणि नेमका त्याच वेळी त्याच्याकडे पाठ करायचो.

वाडीतली एलिना त्या दिवशी रस्त्याच्या कडेला खुर्च्या मांडत होती. ती म्हणाली, सर सुरू करा, सात वाजले. सरांनी सुरू केलं. तिसऱ्या रहस्यानंतर सगळे वळले. सर वळले की नाही, ते कुणी पाहिलं नाही, कारण ते सगळे वळलेले होते.

*

पत्र लिहायला दोन दिवस लागले. पहिल्या मसुद्यात ग्लोरियाच्या नावाआधीच खाडाखोड झाली. एका मसुद्यात इनासवर राग निघाला: उभा होतास तर दोन पावलं पुढे यायला काय झालं होतं? तोच प्रश्न त्यांना स्वतःलाही लागू पडत होता, म्हणून तो कागद फाडला. एकात त्यांनी आपण चुकत असू तर क्षमस्व, असं चार वेळा लिहिलं होतं. शेवटी उरलं ते एवढं:

‘प्रिय ग्लोरिया,

तुझ्या पत्राला नऊ वर्षं उत्तर दिलं नाही, याची माफी मागतो.

चष्मा काढायचो, कारण वाचायच्या चष्म्यातून मला लांबचं दिसत नाही. मागे वळायचो, कारण तुझे पापा त्या रस्त्याने निघून गेले होते आणि मला वाटायचं ते येतील. दुसरं काही कारण नाही. बाकीचे माझं बघून वळतात.

पण चष्मा काढताना मला मागच्या कुणीही पाहिलेलं नाही. मी सगळ्यांना विचारलं. ते फक्त क्रुसामागच्या केळीतून दिसतं. पापांना विचार, ते तिथे असायचे का. नसतील, तर म्हाताऱ्याचा भ्रम समज.

तू जन्मलीस त्या आठवड्यात मंगळवारीसुद्धा आनंदाचीच रहस्यं बरोबर होती. हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं. रिटा सांगते की पापांना आता कमी ऐकू येतं, म्हणून हे मोठ्याने वाचून दाखव.

इथे एकतीस तारखेपर्यंत माळ आहे. पुस्तक माझ्याजवळ आहे, ते त्यांचं आहे.

तुझा काका,
निकोलस’

पांडुरंग आला तेव्हा सर पाकीट घेऊन ओट्यावर तयार उभे होते. “पोस्टाच्या पेटीपर्यंत सोडशील?” त्यांनी विचारलं. “चालत गेलो तर वाटेत विचार बदलेल.”

“द्या ना, मी टाकतो.”

“नको. तू टाकलंस, तर पुढे मला वाटत राहील की टाकलंच नसेल.”

ते स्कूटरवर मागे बसले, एका हाताने पांडुरंगचा सदरा धरून. रिकाम्या टोपल्या मधे खडखडत होत्या. पेटीजवळ उतरल्यावर सरांनी पिनकोड पुन्हा वाचला. डिंक सुकलाय का ते नखाने पाहिलं. ‘भ्रम समज’ हे वाक्य काढायला हवं होतं, असं त्यांना वाटलं. मग वाटलं, इनास मोठ्याने हसेल, आणि तिथेच जावयासमोर चष्मा काढून मागे वळणाऱ्या भावाची नक्कल करून दाखवेल. करू दे. बघितलं असेल तरच करता येईल.

त्यांनी पाकीट फटीत सरकवलं आणि धरून ठेवलं.

“सोडा की, सर,” पांडुरंग स्कूटरवरूनच म्हणाला. “मागे कुणी नाय.”

सर मागे वळता वळता थांबले. त्यांनी बोटं सोडली. पेटी रिकामीच असावी. पाकीट तळाला पडल्याचा आवाज स्पष्ट आला.